ऑपरेटरबाईंचा वाफा

ऑपरेटरबाईंची नजर एका दिवसात गेली नाही, चोरपावलांनी गेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. दाराची चौकट खांद्याला लागायची, बाजूने कुणी आलं की दचकायला व्हायचं. मग समोरचंही धुरकट होत गेलं, आणि शेवटी हाताशी उरला तो फक्त उजेड आणि अंधार यांच्यातला फरक.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "डोळ्यातल्या दाबामुळे आतली नस सुकली आहे. थेंब घालत राहा, म्हणजे आहे तेवढं टिकेल. गेलेलं परत येणार नाही. खोटी आशा लावायला मला जमत नाही."

मुलाने तोच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला. बाईंना मात्र डॉक्टरीणबाईंचा राग आला नाही. त्यांनीही आयुष्यभर लोकांना असंच तोंडावर सांगितलं होतं. लाइन लागत नाही, फोन ठेवा.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ज्या काळात एका गावाहून दुसऱ्या गावी फोन लावायचा तर मध्ये एक माणूस लागायचं, तो काळ. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर एक इवलीशी बत्ती. बत्ती लागली की दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, नंबर विचारायचा, दुसरं टोक दुसऱ्या भोकात. डोक्यावर हेडफोन, दोन्ही हात बोर्डावर, आणि नजर? नजर असायची भलतीकडेच. बाई शेजारणीशी गप्पा मारता मारता कॉल जोडायच्या. बोटांना बोर्ड पाठ होता. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, बाईंना चौकशीच्या खुर्चीत बसवलं, तिथून त्या निवृत्त झाल्या. पण "ऑपरेटरबाई" हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचा आवाज ऐकून एका व्यापाऱ्याने म्हणे लग्नाची मागणी घातली होती. बाईंना तेव्हा दोन वर्षांचा मुलगा होता.

तो मुलगा आता विमा कंपनीत होता, सून औषधाच्या दुकानात. दोघंही मनाने चांगली, आणि तिथेच पंचाईत होती. आईची नजर गेल्यापासून त्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. बाई उठल्या की सून धावत यायची, "आई, तुम्ही बसा हो, मी देते ना." पाण्याचा पेला हातात. औषध हातात. चपला पायात. मुलाने घरातली सगळी टेबलं भिंतीला सरकवली, गॅसच्या बटणांना कुलूपवालं झाकण लावलं. कुणी त्यांना वावगं बोलेना, कुणी वाद घालेना, कुणी कामही सांगेना. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायच्या. हळूहळू बोलणंही आटलं. "चहा घेणार?" "दे." "रेडिओ लावू?" "लाव." एकदा मुलगा बायकोला हळूच म्हणाला, "आईचा आवाज ऐकलास? एवढासा झालाय." बाईंचे कान काही गेले नव्हते. त्यांना ते लख्ख ऐकू आलं.

सुनेच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून तिला जुन्या पोस्टामागच्या केंद्राचं कळलं. सकाळी म्हातारी माणसं तिथे जमतात, एक थेरपिस्ट मॅडम त्यांच्याकडून हातापायाची, डोक्याची कामं करून घेतात. बाई नको म्हणाल्या. सून त्यांच्या मागेच लागली. शेवटी तिच्या समाधानासाठी बाई तयार झाल्या.

मॅडम दणदणीत आवाजाच्या आणि मऊ हाताच्या होत्या. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं आणि मांडीवर मण्यांचा डबा ठेवला. "आजी, हे मणी ओवायचे. बोटांना छान व्यायाम होतो."

"ओवून झाले की काय करायचं?"

"मग आपण ते सोडवू आणि परत ओवू."

बाईंनी डबा बाजूला ठेवला. "आणि मी तुमची आजी कधी झाले?"

शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी खुसुखुसु हसलं. "मॅडम, ही सीट रिझर्व्ह आहे. जपून बोला."

हसणारा होता निवृत्त बस कंडक्टर. खुबा मोडून ऑपरेशन झालेलं, हाडं जुळलेली, पण मनातली भीती जाईना. वॉकर पुढ्यात असूनही हा गडी खुर्ची सोडत नव्हता. जन्मभर चालत्या बसमध्ये तोल सांभाळत उभा राहिलेला माणूस, आणि आता न्हाणीघरापर्यंत जायचं तर मुलीचा दंड धरायचा. त्याबद्दल तो स्वतःच विनोद करायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायला लागू नयेत.

मण्यांचा तास संपला की मॅडम सगळ्यांना मागच्या अंगणात न्यायच्या. तिथे कंबरेएवढ्या उंचीचे सिमेंटचे लांबट वाफे बांधलेले होते, म्हणजे कुणाला वाकायला नको. उभं राहून माती उकरायची, रोपं लावायची, पाणी घालायचं. कंडक्टर खुर्चीत बसून हात वर करून काम करायचा, आणि मॅडम रोज त्याला उभं राहायचा आग्रह करायच्या. बाईंना त्यांनी सावलीत बसवलं आणि पुदिन्याची डहाळी हातात दिली. "तुम्ही वास घ्या. किती छान वाटतं बघा."

बाईंनी वास घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डहाळी खाऊन टाकली, काठी टेकत उठल्या आणि चाचपडत सरळ वाफ्यापाशी गेल्या. माती मऊ होती, वरून कोमट, बोटं खुपसली की आत गार. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हाताला असं काही लागलं होतं जे कुणी आधी पुसून, नीट करून दिलेलं नव्हतं.

"तण काढू का?" त्यांनी विचारलं.

मॅडम घुटमळल्या, पण हो म्हणून दुसऱ्या वाफ्याकडे गेल्या; कंडक्टर त्या दिवशी आला नव्हता. बाईंनी पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या आणि जे जे हाताला लागलं ते ते उपटत गेल्या. सकाळभर त्यांना इतकं बरं वाटलं की घरी येऊन त्या स्वतःहून बोलल्या, "आज मी काम केलं."

दुसऱ्या दिवशी अंगणात पाय ठेवला तर सगळे कुजबुजत होते. बाईंनी काय उपटलं होतं ते तेव्हा कळलं. कंडक्टरने बी पेरून, रोज सकाळी झारीने पाणी घालून वाढवलेली झेंडूची रोपं. अख्खी रांग साफ.

"जाऊ दे हो," कुणीतरी म्हणालं. "त्यांना बिचाऱ्यांना काय दिसतंय."

"काही हरकत नाही, परत लावू," मॅडम म्हणाल्या.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकीपेक्षा त्या 'बिचाऱ्या' शब्दाने. तेवढ्यात कंडक्टर कडाडला.

"हरकत कशी नाही? मला आहे हरकत. दिसत नाही हे कबूल. पण तोंड आहे ना? विचारता येत नव्हतं? हात लावायच्या आधी शेजारच्याला विचारावं, एवढी साधी गोष्ट. माझी पोरं होती ती."

मॅडम काहीतरी सावरायला पुढे झाल्या, पण बाईंनी हात वर केला.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. विचारायला हवं होतं. ती रांग मी परत लावून देईन."

"तुम्ही कशा लावणार?"

"ते माझं मी बघते."

घरी जाताना सुनेला त्या जरा वेगळ्याच वाटल्या. "काय झालं, आई?"

"आज एकाने मला चांगलं फैलावर घेतलं," बाई म्हणाल्या, आणि सुनेने पाहिलं तर त्या चक्क हसत होत्या. कैक महिन्यांत त्यांच्यावर कुणी रागावलेलंच नव्हतं. माणूस माणसावर रागावतो. सामानावर कोण रागावणार?

त्या संध्याकाळी बाईंनी सुनेला एक काम सांगितलं. रोपवाटिकेतून एकेक कुंडी आणायची, टोमॅटो, मिरची, वांगं, झेंडू, पालक, आणि रस्त्याकडेचं तण मुळासकट. गॅलरीत सगळं ओळीने मांडायचं. सून म्हणाली, "पण आई, तुम्हाला..." आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "आणते."

एक्स्चेंजमध्ये नव्या आलेल्या मुलीला बोर्ड शिकवताना बाई तिचे डोळे रुमालाने बांधायच्या. तीच शाळा आता त्यांनी स्वतःसाठी उघडली, रुमालाची तेवढी गरज नव्हती. टोमॅटोच्या देठाला लव असते आणि बोट लागलं की वास चिकटतो. मिरचीचं पान तुळतुळीत, टोकाला निमुळतं. वांग्याचं पान जाडसर, मखमलीसारखं. झेंडूचं पान कंगव्यासारखं कापलेलं, आणि चुरडलं की उग्र दर्प. गवताच्या काडीला पेरं लागतात. आणि लव्हाळा, तो बेरकी. त्याची काडी गोल नसते, तिला तीन कडा असतात, आणि नुसतं वरून ओढलं तर गाठ खालीच राहते आणि तो पुन्हा हजर होतो.

सुरुवातीला फजिती पुष्कळ झाली. मिरचीला वांगं म्हटलं, पालकाला तण म्हटलं. सून कुंड्या आलटून पालटून ठेवायची आणि परीक्षा घ्यायची. हळूहळू तिलाही चेव आला. दुकानातून आली की पर्स ठेवायच्या आधी ती गॅलरीत यायची. "आई, ही कुठली?" एके दिवशी तिने मुद्दाम एका कुंडीत प्लॅस्टिकचं फूल खोचलं. बाईंनी हात लावला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हिला पाणी घालू नकोस, हिला फडक्याने पूस." दोघी इतक्या हसल्या की मुलगा आतून बघायला आला.

बाई केंद्रात परत गेल्या त्या हातात एक दोरी घेऊन. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारलेल्या. वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोरी ताणली, गाठ लागली की तिथे बोटाने खळगा केला, खळग्यात झेंडूचं रोप ठेवून माती दाबली. पुढची गाठ, पुढचा खळगा. दोरीवरून धावणारी ती बोटं मॅडम बघतच राहिल्या. कंडक्टर मात्र डोळे बारीक करून चूक शोधत होता.

"शेवटचं रोप वाकडं आहे," तो म्हणाला.

"शेवटचं की शेवटून दुसरं?"

तो खुर्चीतून पुढे झुकला. नीट दिसेना. वॉकरला धरून उठला, वाफ्याच्या कडेला हात टेकून उभा राहिला आणि बघितलं. "शेवटून दुसरं," त्याने कबूल केलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत. मॅडमच्याही लक्षात आलं, पण त्या शहाण्या, काही बोलल्या नाहीत. पाण्याची झारी फक्त वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून दोघांचं एकाच वाफ्यावर काम आणि एकाच वाफ्यावर भांडण. कंडक्टरचं बोलणं अजून बसमधलंच होतं. दाट उगवलेली रोपं विरळ करताना म्हणायचा, "चला, पुढे सरका, मागे जागा नाही." बाई कुठे चुकीच्या जागी हात घालायला लागल्या की "थांबा, थांबा, स्टॉप आलेला नाही." बाई म्हणायच्या, "तुमचा आवाज जरा कमी करा, रोपांना ऐकू येतं." भांडायचं तर उभं राहावं लागतं, बसून भांडण रंगत नाही, त्यामुळे तो रोज थोडा जास्त वेळ उभा राहू लागला.

कोणत्या ओळीत काय पेरलंय हे बाईंना उगवेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. त्यावर तोडगा कंडक्टरने काढला. तिकिटं पंच करायची त्याची जुनी चिमटी त्याने निवृत्तीनंतरही जपून ठेवली होती. जुन्या फायलींच्या प्लॅस्टिक पट्ट्या कापून तो त्यांना भोकं पाडू लागला. एक भोक टोमॅटो, दोन मिरची, तीन वांगं. पट्टी मातीत खोचलेली, बाई बोट फिरवायच्या आणि ओळ ओळखायच्या. चिमटीचा कटकट आवाज आला की अंगणातले बाकीचे म्हणायचे, "तिकीट, तिकीट," आणि कंडक्टरची मान ताठ व्हायची.

टोमॅटो लागले. पिकलेला कोणता हे बाई दाबून आणि हुंगून सांगायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायच्या. त्या सुरुवातीचं पीक घेऊन घरी आल्या तेव्हा मुलाला म्हणाल्या, "गॅसचं ते झाकण काढ. मला शिजवायचंय." मुलगा बायकोकडे बघत राहिला. ती म्हणाली, "काढा ना. मी आहे इथे. आणि मी नसले तरी चालेल."

झाकण निघालं. भाजी थोडी लागली, म्हणजे तळाशी करपली. तिघांनी ती सगळी खाल्ली.

मॅडमच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. एकदा काम संपल्यावर त्या बाईंच्या शेजारी येऊन बसल्या. डोळ्यांच्या दवाखान्याच्या गच्चीवर असेच वाफे बांधायचं ठरलं होतं. ज्यांची नजर उतारवयात गेली अशांसाठी.

"मी शिकवायला जाऊ शकते," मॅडम म्हणाल्या, "पण मी डोळे उघडे ठेवून शिकवणार. मला फार तर डोळे मिटता येतील. ते वेगळं. तुम्ही याल?"

"मदतीला?"

"नाही. शिकवायला. मी तुमच्या मदतीला."

बाईंनी विचार करून सांगते म्हटलं. खरं तर त्या घाबरल्या. मातीशी खेळणं वेगळं आणि दहा माणसांपुढे उभं राहणं वेगळं. घरी त्यांनी विषय काढला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, दगदग होईल गं तुला. गच्ची, जिने..." बाई काही बोलायच्या आत सून म्हणाली, "त्यांना पुरी डझनभर पानं बोटांनी ओळखता येतात. तुम्हाला डोळ्यांनी किती ओळखता येतात, सांगा बघू." मुलाने विषय बदलला.

पहिल्या दिवशी गच्चीवर बाई वाफ्याची कड धरून उभ्या होत्या. समोर खुर्च्यांवर माणसं होती. खोकल्याचे, चपला घासल्याचे आवाज येत होते, पण कुणी बोलत नव्हतं. ही शांतता बाईंच्या चांगली ओळखीची होती. खिडकीपाशी बसून त्यांनी ती पोटभर अनुभवली होती.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला मी दिसत नाही, तेव्हा कोण कसं दिसतं याची काळजी मिटली. आता उठा. खुर्च्या मागे सरकवा. बसून हे काम होत नाही."

गच्चीवर इतका स्वच्छ, खणखणीत आवाज उमटला की जिन्यातून खाली निघालेला मुलगा पायरीवर थबकला. आईला सोडून तो ऑफिसला जायला निघाला होता. तो परत वर आला आणि दाराशी उभा राहिला.

सगळे उठले, एक सोडून. भांड्यांचा एक बडा व्यापारी होता, नजर जाऊन थोडेच दिवस झालेले. हाताची घडी घालून बसला होता. "मला माफ करा, बाई," तो म्हणाला. "माझ्याकडे माळी होते. मला हे करायची गरज नाही."

"माळी होते, मग तुम्हाला पानं ओळखता येत असतील," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातात एक पान ठेवलं. "सांगा हे कशाचं?"

त्याने चाचपलं. "आंब्याचं?"

"मिरचीचं आहे. उभे राहा, आपल्याला बराच अभ्यास आहे."

कुणीतरी हसलं. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तासाभरात त्याने तणाबरोबर पालकाची चांगली तीन रोपं उपटली. बाईंनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. विचारायचं कुणी, असं विचारलं, आणि रोपं त्याच्याच हाताने पुन्हा लावून घेतली. तो चिडला, पुटपुटला, पण पुढच्या वर्गाला सगळ्यांच्या आधी येऊन बसला. बसला म्हणजे उभा राहिला.

त्या पहिल्या दिवशी तास संपला तेव्हा डॉक्टरीणबाई वर आलेल्या होत्या. त्या बाईंच्या जवळ आल्या. "मी तुम्हाला ओळखलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी सांगितलं होतं की माझ्या हातात काही नाही."

"ते खरंच होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलला असतात तर मी अजून वाट बघत बसले असते. हात पुढे करा." आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या तळव्यावर झेंडूचं पान चुरडलं. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि ते चुरडलेलं पान कोटाच्या खिशात ठेवलं.

मुलगा त्या दिवशी ऑफिसला गेलाच नाही. आईला घेऊन खाली आला तर त्याच्या गाडीपाशी पहारेकरी हुज्जत घालायला तयार होता. "साहेब, ही जागा फक्त दवाखान्याच्या स्टाफसाठी आहे. पाटी दिसली नाही का?"

"दिसली म्हणूनच लावली," मुलगा म्हणाला. "माझी आई इथे शिकवते." आणि मग, न विचारता, त्याने पुढेही सांगितलं. काय शिकवते, कसं शिकवते, दोरीच्या गाठी, भोकांच्या पट्ट्या. पहारेकऱ्याला त्यातलं निम्मं कळलं नसेल. बाई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. मुलाला थांबवावंसं त्यांना अजिबात वाटलं नाही.

कंडक्टर आता काठीवर चालतो. अजून तो बाईंच्या प्रत्येक कामात खोड काढतो, आणि गच्चीवरच्या वर्गासाठी पट्ट्या तोच पाडून देतो. या हंगामात दोघांचं कोबीवरून वाजलं आहे. त्याला कोबी लावायचा आहे. बाईंचं म्हणणं, कोबीवर अळ्या फार पडतात आणि अळी हाताला लागली की त्यांना शहारा येतो. कंडक्टरने सांगून टाकलंय की अळ्या तो वेचेल, पण त्यासाठी वाफ्याचा अर्धा भाग त्याच्या नावावर करायचा. बाईंनी अजून होकार दिलेला नाही.